पोरांच्या सुखाचे मार्क

सकाळपासून जो तो एकच यादी पाठवतोय. कुठल्या देशातली मुलं सर्वांत सुखी? नेदरलँड्स वर, आणि खाली उसासे, ‘नाहीतर आपली पोरं!’ डोकंच फिरलं. अहो, त्या यादीत बहुतेक श्रीमंत देशच असतात. जगातली निम्म्याहून जास्त मुलं तिच्यात नाहीतच.

माझी भाची अकरा वर्षांची. तिला शाळेत असाच फॉर्म दिला होता. शिडीचं चित्र, खाली शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आयुष्य, वर दहा म्हणजे सगळ्यात छान, तू कुठल्या पायरीवर? (ही शिडी हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९६५ची, तीही मोठ्या माणसांसाठी केलेली.) हिने सहावर खूण केली. लगेच समुपदेशक बाईंचा बहिणीला फोन, ‘घरी सगळं ठीक ना?’ मी भाचीला विचारलं तर म्हणते, ‘मावशी, दहा लिहिणं म्हणजे शायनिंग मारणं ना?’ मिरवू नकोस हे आपणच शिकवायचं आणि तिच्या सहाला आपणच घाबरायचं!

२००७ साली युनिसेफने २१ श्रीमंत देशांची क्रमवारी लावली, ब्रिटन तळाला गेला, तिथे केवढा गदारोळ. त्याच अहवालात जपानची पंधरा वर्षांची सुमारे ३० टक्के मुलं म्हणाली, एकटं वाटतं. इतरांच्या कितीतरी पुढे. खरंच एकटी, की प्रश्नच तिथे वेगळा पोचला? अहवालवाल्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही. फॉरवर्डवाल्यांना मात्र सगळं ठाऊक.

आणि बाळांनाही सोडलेलं नाही. बाळाचं आईशी नातं किती घट्ट ते जोखणारी, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थची प्रसिद्ध चाचणी: आई खोलीबाहेर जाते, परत येते, बाळ काय करतं ते बघायचं. जपानमधल्या सप्पोरोतली बाळं एकटी ठेवताच इतकी रडली की बऱ्याच जणांवर ‘असुरक्षित’, म्हणजे आईशी नातं पक्कं नाही, असा शिक्का बसला. त्यांना एकटं राहायची सवयच नव्हती हो! जर्मनीतल्या बीलेफेल्डमध्ये जवळपास निम्म्या बाळांनी परतलेल्या आईकडे ढुंकून पाहिलं नाही. तीही असुरक्षित. तिथल्या आया तर पोरांना स्वावलंबी करत होत्या. रडलं तरी नापास, नाही रडलं तरी नापास.

भाचीच्या फॉर्ममध्ये पुढे होतं, मनातलं कुणाशी बोलतेस? आई, वडील, शिक्षक, मित्रमैत्रिणी. ही सगळं आजीला सांगते. आजीचा रकानाच नाही. मग ‘कुणाशीच नाही’वर खूण! झाली पोरगी एकाकी.

बरं, मान्य. मोजलंच नाही तर ‘आमची मुलं मजेत’ असं मोठेच सांगत बसतील, आणि बालमृत्यू, लसीकरण हे तर मोजायलाच हवं.

बाईंवरही आता राग नाही. त्यांनी काळजीने फोन तरी केला. फक्त ‘सहा का गं?’ हे पोरीला विचारायचं राहिलं. १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १२ तेच सांगतं, मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐका. मग प्रश्नही त्यांनाच ठरवू द्या ना. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये संशोधकांनी मुलांनाच विचारलं, बरं असणं म्हणजे काय? मुलं म्हणाली, सुरक्षित वाटणं, आपल्या गोष्टींत आपलं काही चालणं, आणि आपण चांगले आहोत असं वाटणं. याला दहापैकी किती द्यायचे ते यादीवाल्यांनी कमेंटमध्ये सांगावं.