तयार आहात का?

लॉकडाऊन लागून आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या टीवायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गूगल फॉर्म येऊन पडला. 'आपण ऑनलाइन शिक्षणासाठी तयार आहात का?' मोबाइल आहे? हो. इंटरनेट आहे? हो. (कधी असतं, ते विचारलं नव्हतं.) घरात शांत जागा आहे?

आमचं घर कळव्यात. वन रूम किचन, माणसं पाच. "आई, आपल्याकडे शांत जागा आहे का गं?" भांडी घासता घासता आई म्हणाली, "माळा आहे. पण तिथं गणपतीचं मखर आहे." मी 'हो'वर टिचकी मारली.

नेटवर्कचा प्रश्न भूगोलाचा. पाठीशी पारसिकचा डोंगर. आगगाडीला आडवा येतो म्हणून १९१६ साली त्याला सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा पाडला. माझ्या फोर-जीसाठी कोण पाडणार? दोन काड्या मिळायच्या त्या फक्त किचनच्या खिडकीत. तिथं ओट्यावर तांदळाचा डबा, त्यावर डाळीचा, त्याला टेकवलेला मोबाइल आणि तो घसरू नये म्हणून पुढं एक लिंबू. डाळ लागली की आई भर लेक्चरमध्ये "जरा धर" म्हणून मोबाइल माझ्या हातात द्यायची आणि अख्ख्या वर्गाला आमचा पंखा दिसायचा. तो शेवटचा कधी पुसला असावा, यावर ग्रुपवर अभ्यासापेक्षा जास्त चर्चा झाली.

फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद पडायची. त्यातली पंधरा 'माझा आवाज येतोय का?'ची, दहा हजेरीची. उरलेल्यात सर एकदा मागणीच्या लवचिकतेची उजळणी घेत होते. मेथी निवडत बसलेली आजी मोठ्यांदा म्हणाली, "महाग झालं की लोक कमी घेतात म्हणे. मग मीठ का नाही कमी घेत?" माझा माईक चालू! "हा प्रश्न कुणाचा? व्हेरी गुड!" मी निर्लज्जपणे "माझा, सर" म्हणाले. त्यानंतर सरांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवल्या आणि मी आजीकडून.

परीक्षा ऑक्टोबरात, घरबसल्या, चार पर्यायांची. माझा एक पेपर सोमवारी, १२ ऑक्टोबर २०२० ला. त्या दिवशी मात्र घर खरोखर तयार होतं. कुकर सकाळीच झालेला. आजी शेजारच्या काकूंकडे. धाकटा भाऊ जिन्यात. कुणी चुकून गिझर लावून फ्यूज उडवू नये म्हणून बाबा स्वतः मीटरखाली पहारा देत उभे.

दहा वाजून गेले आणि पंखा थांबला.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. "मी हातसुद्धा लावला नाही!" बाबा खिडकीत येऊन समोरच्या बिल्डिंगलाही हेच सांगू लागले, कारण तिथलीही डोकी बाहेर आली होती. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडेच वीज गेलेली. पुढं बातम्यांत कळलं, कळवा-पडघा वाहिनीत बिघाड. म्हणजे मुंबईचे पंखे बंद पाडण्याचा मानही आमच्या कळव्यालाच!

पेपर पुढं ढकलल्याचा मेसेज आला, तोही एका काडीवर. तेवढ्यात घामाघूम झालेली आजी परतली.

"झाला का गं पेपर?"

"पुढं गेला."

"मग बरं झालं," म्हणत तिनं ओट्यावरचं लिंबू सरबतासाठी उचललं. मोबाइल सुळकन आडवा झाला.