पेट्रोल उतरलं, ताप चढला

पेट्रोल महागलं की माझं चित्त अगदी थाऱ्यावर असतं, कारण काय करायचं ते ठरलेलं असतं. सकाळी बातमी वाचायची, तोंडाने 'च्च' असा आवाज काढायचा आणि घरात जो कुणी दिसेल त्याला "आता सायकलच घ्यावी म्हणतो" असं ऐकवायचं. सायकल काही यायची नाही हे घरच्यांना ठाऊक असतं, मलाही असतं. पुढे दिवसभर बोलायला विषय तयार. लिफ्टमध्ये, ऑफिसात, सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली असेल तर तिथेसुद्धा. सरकार, तेलवाले देश, कुठलंतरी युद्ध, कुठलीतरी सामुद्रधुनी... बोटं मोडायला जागाच जागा. ज्यांचं एरवी एकमेकांशी पटत नाही अशी माणसंही महागाईच्या दिवसांत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उसासे सोडतात.

स्वस्ताईत ही सोय नाही. भाव उतरल्यावर आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही आणि तक्रार करावी तर लोक वेड्यात काढतील. मग प्रत्येक जण आपला गप्प राहून दुसऱ्याच्या टाकीचा अंदाज घेत बसतो. याने कधी भरलं असेल? उतरायच्या आधी की नंतर?

आमच्या शेजारच्या काकांनी आधी भरलं. अगदी आदल्या संध्याकाळी, टाकी फुल करून. वर नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडं बसेल" म्हणून आणखी चार थेंब कोंबायला लावले. (हे कुणी करू नये. ते जास्तीचं पेट्रोल वाफ अडवणाऱ्या डब्यात जाऊन बसतं आणि तो डबा खराब होतो. पण फुल टाकी म्हणजे झाकणापर्यंत, हा काकांचा सिद्धांत आहे.) सकाळी भाव उतरला. काका दारात उभे होते, पण कुणाकडेच बघत नव्हते. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या फरकाच्या पैशात त्यांची गाडी फार तर दोन-तीन किलोमीटर पुढे गेली असती.

"पैशाचा प्रश्नच नाही," काका म्हणाले.

"मग काय झालं काका?"

"अरे, एक रात्र! फक्त एक रात्र थांबलो असतो!"

त्यानंतर काही दिवस काकांनी गाडीला हात लावला नाही. महागाचं पेट्रोल उगाच कशाला जाळायचं, असं त्यांचं म्हणणं. मग भाव आणखी उतरला आणि काकांचं मत फिरलं. हे जुन्या भावाचं पेट्रोल टाकीत असेपर्यंत नव्या भावाचं भरता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "आधी हे संपवलं पाहिजे," असं म्हणून ते कामाशिवाय गाडी घेऊन बाहेर पडू लागले. काकूंना न मागता फिरायला नेऊ लागले. काकूंना आधी बरं वाटलं, मग शंका आली, आणि कारण कळल्यावर त्यांनी गाडीत बसायचंच सोडलं. काका एकटे हिंडू लागले. स्वस्त पेट्रोल भरता यावं म्हणून महागडं पेट्रोल मन लावून जाळणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

माझं दुखणं उलट्या बाजूचं. माझी टाकी रिकामी होत आली होती आणि भाव रोज थोडा थोडा उतरत होता. आज भरावं तर उद्या हळहळ. उद्यापर्यंत थांबावं तर परवाचं काय? भाव चढायचा असेल तर आदल्या रात्री पंपावर रांग लागते, माणूस तास-दोन तास उभा राहतो पण एकदाचा मोकळा होतो. उतरत्या भावात पंप ओस असतो. मी आपला रोज त्याच्यासमोरून जायचो, पाटीवरचा आकडा वाचायचो आणि गाडी पुढे काढायचो. माझ्यासारखे आणखीही होते. वेग कमी करायचा, मान वळवायची, ओठ हलवायचे आणि पुढे. पंपावरचा मुलगा आम्हाला ओळखायला लागला होता.

"अहो, काटा कुठे आलाय बघितलात का?" बायकोने विचारलं.

"रिझर्व्ह असतं त्याच्याखाली."

"आणि ते संपलं की?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. तिने वर आणखी माहिती पुरवली, की इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप गाडीच्या टाकीच्या आतच असतो, भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो, आणि सारखी तळाशी गेलेली टाकी म्हणजे पंपाला ताप. हे खरं आहे. पण बचतीच्या मधोमध कुणी असं खरं बोलू नये.

एसी बंद करून झाला. एका मित्राने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचा सल्ला दिला. हा सल्ला कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. आताच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत गिअर तसाच ठेवून उतारावर पाय उचलला की इंजिनाला जाणारं पेट्रोलच थांबतं. उलट न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यापुरतं पीत राहतं, आणि गाडी आवरायचा सगळा भार ब्रेकवर. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "असेल रे. पण न्यूट्रलमध्ये वाचल्यासारखं वाटतं ना!" याच्यावर काय बोलणार? आम्ही सगळेच वाचल्यासारखं वाटण्यासाठी झटत होतो. एक ओळखीचे गृहस्थ सकाळी गारव्यात भरलं की लिटरमागे जास्त पेट्रोल येतं म्हणून भल्या पहाटे उठत. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. पहाटे उठणाऱ्या माणसाचा आनंद हिरावू नये.

दरम्यान काकांनी अभ्यास सुरू केला होता. कच्च्या तेलाचा एक बॅरल म्हणजे साधारण 159 लिटर, हे त्यांना कुठूनतरी कळलं. बॅरलच्या भावाला 159 ने भागून जो आकडा आला तो कागदावर लिहून त्यांनी माझ्यासमोर धरला. "हा बघ खरा भाव! बाकी सगळी लूट!" सगळ्या बॅरलचं पेट्रोल होत नाही, त्यातून डिझेल निघतं, विमानाचं इंधन निघतं, डांबर निघतं. शुद्धीकरण, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन आणि कर हे कच्चं तेल उतरलं म्हणून त्याच प्रमाणात उतरत नाहीत, मग तेल निम्म्यावर आलं तरी पाटीवरचा आकडा निम्मा कसा होणार? मी एवढं बोललो आणि काका माझ्याकडे तेलवाल्यांच्या पगारावरचा माणूस असल्यासारखे बघू लागले. 2014 च्या जूनमध्ये बॅरल 115 डॉलरच्या आसपास होता आणि 2016 च्या जानेवारीत 30 च्याही खाली गेला. त्या काळातला सल काकांच्या मनात अजून आहे. "तेव्हासुद्धा असंच झालं होतं," असं ते म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं वडिलोपार्जित जमीन गेली असावी.

काकांच्या रागात तथ्य अजिबात नाही असं मात्र नाही. चढताना भाव रॉकेटसारखा जातो आणि उतरताना पिसासारखा तरंगत येतो, हे रॉबर्ट बेकन या अर्थतज्ज्ञाने 1991 मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या भावांवरून मांडलं. त्याची कारणं शोधणारे पुढे बरेच झाले. त्यांतल्या एका कारणाने मी खजील झालो. भाव चढतो तेव्हा गिऱ्हाईक चिडून चार पंप हिंडतं, भाव ताडून बघतं. उतरायला लागला की ते खूश होऊन शोधणं सोडतं, आणि मग विकणाऱ्यालाही उतरायची घाई राहत नाही. म्हणजे पिसाला खालून फुंकर घालणारे आम्हीच. काकांना मी हे सांगितलेलं नाही.

घरात वेगळंच चाललं होतं. पेट्रोल अजून भरलेलं नव्हतं, तरी वाचणारे पैसे खर्च व्हायला लागले होते. मुलाने त्यातून हेडफोन ठरवले. बायकोने लांबची सहल ठरवली. मी मनात सीटकव्हर बदलून टाकली. त्याच बचतीवर तिघांचे तीन दावे, आणि शिवाय सहलीला जायचं तर पेट्रोल लागणार ते निराळंच. इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली की देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो, असं विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच लिहून ठेवलं आहे. वाफेच्या इंजिनांकडे बघून त्याला ते सुचलं. आमच्या घरी आला असता तर एका संध्याकाळीत सुचलं असतं.

आणि पेट्रोलचे पैसे पेट्रोलवरच उडवायची जी हौस असते ती मला फार जवळची वाटते. 2008 च्या उत्तरार्धात अमेरिकेत पेट्रोल कोसळलं. त्याच वेळी मंदीही होती, लोकांचे खिसे फाटत होते. तरी पंपावर लोक साध्याऐवजी महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलकडे वळले, असं हेस्टिंग्ज आणि शपिरो या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ज्या इंजिनाला ते लागत नाही त्याला ते पाजून काही उपयोग नसतो. पण हे पैसे पेट्रोलच्या कप्प्यातले, ते तिथेच जायचे, असं माणसाचं मन म्हणतं. माझ्या मित्राने स्वस्ताईत थेट मोठी गाडी बघायला सुरुवात केली. "आता परवडेल," म्हणाला. अ‍ॅव्हरेज किती देते हे त्याने विक्रेत्याला विचारलंसुद्धा नाही, याच्यावरून भाव किती उतरला असेल याची कल्पना यावी.

भाव कुठवर उतरू शकतो याला तसा तळ नाही. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा, मे महिन्यात माल ताब्यात घ्यायचा सौदा उणे 37.63 डॉलरला बंद झाला. उणे! तेल न्या आणि वर पैसेही घ्या. साठवायला टाक्या उरल्या नव्हत्या. आणि तेव्हा माझ्यासारखा वाट बघणारा माणूस काय करत होता? घरात बसला होता, जगातल्या अर्ध्या लोकांसारखा. आयुष्यभर ज्या भावाची वाट बघितली तो आला तेव्हा गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचीही परवानगी नव्हती. पंपावर उणे भाव काही कुणाला मिळाला नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मिळाला असता तर मला सहन झालं नसतं.

शेवटी काट्यानेच निकाल लावला. मी पंपावर शिरलो. मुलाने हसून विचारलं, "किती टाकू?" मी डोळे मिटून "फुल" म्हणालो. नोझल आपोआप बंद झालं तिथेच त्याला थांबवलं, पैसे दिले आणि घरी आलो. जिन्यात काका उभे.

"भरलंस?"

"भरलं."

"फुल?"

"फुल."

काकांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. त्यांनी पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या आणखी उतरणार आहे म्हणतात."