अर्ध्या टक्क्याचे मालक

अमेरिकेतल्या सोयाबीन उत्पादकांच्या पैशातून संशोधन करायचं असेल, तर अर्ज आधी निपाणीजवळच्या आमच्या घरी आप्पांच्या नजरेखालून जावा लागतो. अमेरिकेतल्या लोकांना याची अजून कल्पना नाही.

माझा एक जुना विद्यार्थी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात सोयाबीनच्या तांबेरा रोगावर काम करतो. एका रात्री त्याचा फोन आला. "सर, तुमच्या कृष्णाकाठाला तांबेरा पाचवीला पुजलेला. प्रस्तावात सहकारी म्हणून तुमचं नाव घालतो. तुम्ही फक्त दोन पानं लिहून द्या, शेतकऱ्याला समजतील अशी."

दोन पानांचं मला काही वाटलं नाही. घाम फुटला तो पुढच्या तीन शब्दांनी.

तिकडची रीत अशी. 1990 साली तिथे कायदा झाला आणि सोयाबीन पहिल्यांदा विकलं जातं तिथेच निव्वळ किमतीचा अर्धा टक्का कापून घ्यायला सुरुवात झाली. शंभर डॉलरमागे अर्धा डॉलर. त्यातला निम्मा वाटा राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो, निम्मा राष्ट्रीय मंडळाकडे जातो. या पैशातून संशोधन करा, खप वाढवा. पण सरकारी धोरण आपल्या बाजूला वळवायला एक पैसा खर्च करायचा नाही, असं कायदाच सांगतो. मंडळावर बसतात ते शेतकरी. म्हणजे आपला अर्ज वाचणारा माणूस सकाळी कंबाइनवर असतो, दुपारी आपला अर्ज उघडतो आणि मनात म्हणतो, ‘माझ्या पैशाचं हा काय करणार?’

आमची सवय वेगळी. दिल्लीला प्रस्ताव पाठवताना वाचणाऱ्याला जितकं कमी कळेल तितकं तो जास्त मान डोलावतो, या श्रद्धेवर आमची हयात गेली. त्याच श्रद्धेने मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘फॅकोप्सोरा पॅकिरायझी या बुरशीच्या युरेडोबीजाणूंच्या प्रसरणगतिकीचे बहुस्थानीय मूल्यमापन.’ ते आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी टरफल बाजूला टाकलं आणि विचारलं, "हे तांबेऱ्याचंच बोलालायस न्हवं?"

"हो."

"मग तांबेरा म्हण की गा."

बुरशी गेली, गतिकी गेली, मूल्यमापनाने थोडा वेळ तग धरला. ‘उत्पादकतेत शाश्वत वाढ’ यावर "म्हंजे किती?" असा शेरा पडला. मी सांगितलं, तिकडे सरासरी एकरी पन्नास बुशेलच्या आसपास निघतं. बुशेल म्हणजे सोयाबीनचे साधारण सत्तावीस किलो. आप्पांनी डेअरीच्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीने गुणाकार मांडला, हातचा धरला आणि माझ्याकडे बघितलं. "साडेतेरा क्विंटल? एकरी? आनी त्येंनी संशोधन आमच्याकडनं करून घ्यायचं? आदी आमचं तर बघ!"

याला अर्जात रकाना नव्हता.

आता कचेरी. अमुक एका संस्थेत मी नोकरी करतो. तिच्या संमतीपत्राशिवाय माझं नाव पुढे जाईना. टेबलावरच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट केला. निधी कोणाचा? म्हटलं, शेतकऱ्यांचा. ते हसले. "सर, शेतकऱ्यांना अनुदान आपण देतो. ते आपल्याला कसं देतील? योजनेचं नाव सांगा." योजनेचं नाव नव्हतं, लेखाशीर्ष नव्हतं. शिवाय परदेशी पैसा म्हटल्यावर परकीय योगदान कायदा आडवा. शेवटी पैसा इकडे येणारच नाही, मी फुकट काम करणार, असं लिहून दिलं. त्यावर तर त्यांना जास्तच संशय आला. "नाळे बन्नी," असं म्हणून त्यांनी फाईल बंद केली. तो ‘उद्या’ पुष्कळ लांबला.

तिकडेही फार वेगळं नव्हतं म्हणे. अशी बरीच मंडळं विद्यापीठाला वरखर्चाचा वाटा देत नाहीत. त्या रकान्यात शून्य बघून विद्यार्थ्याच्या हिशेबनिसाने त्याला तीन वेळा विचारलं, हे शून्य चुकून पडलंय का?

मग नमुन्यांचा प्रश्न. कागवाड भागातली रोगट पानं तिकडे पाठवायची, तर जैवविविधता कायदा 2002 नुसार परवानगी हवी, वनस्पतींचे रोग पसरू नयेत म्हणून असलेले नियम वेगळेच. नियम योग्यच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मौज एवढीच की 2004 साली लुईझियानात तांबेरा सापडला तेव्हा तो ‘आयव्हन’ चक्रीवादळाबरोबर दक्षिण अमेरिकेकडून आला असावा, असं शास्त्रज्ञांचं मत पडलं. त्याला कोणी संमतीपत्र मागितलं नाही. आम्ही पानं पाठवायचा बेत सोडला. मी नुसत्या नोंदी कळवायच्या असं ठरलं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी 21 वाण काढलंय. ते आणि जुनं जेएस 335 शेजारी शेजारी पेरायचं, कोणाचं पान आधी तांबूस होतं ते बघायचं. आप्पा म्हणाले, "हे कळतंय. हेच लिव." तेच लिहिलं.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार झाला. मंडळाच्या शेतकऱ्यांना दोन पानं आवडली, असं विद्यार्थ्याने कळवलं. ही बातमी आप्पांना दिली तेव्हा ते सोयाबीनच्या विक्रीची पट्टी चष्म्याजवळ धरून वाचत होते. हमाली, तोलाई, मॉइश्चर बाराच्या वर म्हणून कटती, काडीकचऱ्याची कटती.

"एवढं कापत्यात. ह्यात संशोधनाचं कुटं हाय?"

"आपल्याकडे तसं कापत नाहीत, आप्पा."

"कापूंदेत की अर्धा टक्का. पर मग विषय मी सांगनार. तांबेरा ऱ्हाऊंदे तिकडं. रानडुकरावर कायतरी काढा म्हणावं."

गंमत म्हणून मी ते विद्यार्थ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: मंडळाच्या बैठकीत तांबेऱ्यावर दहा मिनिटं बोलणं झालं, आणि मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हरणांचा विषय काढला तो जेवणापर्यंत चालला.

आप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. "त्या म्हाताऱ्याला इचार," ते म्हणाले, "कुंपणाला किती खर्च आला."