लिओनहार्डचा आश्रय केवळ कुळांसाठी नव्हता

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळातील मोराव्हियाविषयी (आजच्या झेक प्रजासत्ताकाचा पूर्व भाग) एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते: निकोल्सबुर्गचा सरदार लिओनहार्ड फॉन लिखटेनश्टाइन याने पुनर्बाप्तिस्मावाद्यांना, म्हणजे अर्भकाचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांना, थारा दिला तो निव्वळ कष्टाळू कुळे मिळावीत म्हणून, आणि राजा फर्डिनंडने डोळे वटारताच त्याने त्यांचा पाळक बाल्थाझार हुबमायर याला राजाच्या हवाली केले. यातील पहिला भाग मला साफ अमान्य आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

नुसती कुळे हवी असलेल्या जमीनदाराला स्वतः पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचे कारण नसते. १५२६ मध्ये हुबमायर निकोल्सबुर्गला, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकातील मिकुलोव्हला आला आणि लिओनहार्डने हा संस्कार स्वीकारला, तोही कट्टर कॅथलिक फर्डिनंड बोहेमियाच्या, म्हणजे मोराव्हिया ज्या राज्याखाली होता त्याच्या, गादीवर येत असताना. गावात छापखाना चालू झाला आणि वर्षभरात हुबमायरच्या डझनाहून अधिक पुस्तिका तिथून बाहेर पडल्या.

१५२७ मध्ये हुबमायर राजाच्या हाती गेला, हे खरे आहे, आणि हा डाग पुसता येणार नाही. परंतु राजाने त्याला मागितले ते ऑस्ट्रियाच्या ताब्यातील वाल्ड्सहूट येथील, जिथे हुबमायर आधी पाळक होता तिथल्या, बंडाच्या आरोपावरून. श्रद्धेच्या प्रश्नात मोराव्हियाचे सरदार आपल्या जुन्या हक्कांवर बोट ठेवू शकत होते, दुसऱ्या मुलखातील राजद्रोहाच्या आरोपापुढे मात्र ते हक्क तोकडे पडत. १० मार्च १५२८ रोजी व्हिएन्नात हुबमायरला जिवंत जाळण्यात आले आणि तीन दिवसांनी त्याच्या पत्नीला डॅन्यूबमध्ये बुडवण्यात आले.

त्याच वर्षीची एक घटना या विधानात कधीच येत नाही. पुनर्बाप्तिस्मावाद्यांपैकी तलवार नाकारून फक्त काठी बाळगणाऱ्या, म्हणून ‘काठीवाले’ म्हटल्या गेलेल्या गटाने वेगळ्या सभा भरवल्या, तेव्हा लिओनहार्डने त्यांना गाव सोडण्यास सांगितले. हटराइटांच्या, म्हणजे मालमत्ता सामायिक ठेवणाऱ्या पुनर्बाप्तिस्मावादी पंथाच्या, इतिवृत्तानुसार मुले सोडून सुमारे दोनशे माणसे निघाली. वाटेत जमिनीवर एक झगा अंथरला गेला आणि प्रत्येकाने आपल्याजवळ होते ते त्यावर ठेवले. तेच इतिवृत्त सांगते की लिओनहार्ड घोड्यावरून उंटरविस्टर्नित्झपर्यंत त्यांच्यासोबत गेला, तिथे त्यांना निरोपाचे पेय दिले आणि जकात न घेता पुढे जाऊ दिले. तुम्ही का थांबत नाही, असे त्याने विचारले, तेव्हा त्यांनी कारण दिले ते हे की, व्हिएन्नाहून येणाऱ्या अधिकाऱ्याचा आपल्यासाठी बळाने प्रतिकार करण्याची त्याने दाखवलेली तयारी त्यांच्या सदसद्विवेकाला मान्य नव्हती.