आज काय करू?

आमच्या घरी रोज सकाळी बायको विचारते, "आज जेवायला काय करू?" मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणतो, "काहीही कर." या उत्तरात नेमका काय गुन्हा आहे, हे मला लग्नानंतर बाराव्या वर्षी कळलं. मिनेसोटातल्या एका गोठलेल्या तळ्यावर, उणे वीस सेल्सियसमध्ये, उलट्या बादलीवर बसून मी आठ इंची भोकात डोकावत होतो. खाली क्रॉपी मासे होते. मी त्यांना तेच विचारत होतो आणि तेही काही बोलत नव्हते.

या माशाचं नाव लिहिताना क्रॅपी, म्हणताना क्रॉपी. पहिल्या वर्षी मी दुकानात जाऊन स्पेलिंगप्रमाणे उच्चार केला, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर, पुण्यात कुणी 'चितळें'मधला च चाकातला म्हटल्यावर येतात, ते भाव आले. खाली लुइझियानात याला साक-अ-ले म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ दुधाची पिशवी. म्हणजे मी रात्री अंधारात, गोठून, दुधाची पिशवी आणायला जातो.

मी मालवणकडचा. आमचे काका खाडीवर गरवायला जायचे आणि मी पिशवी धरायला. आमिष एकच, सुंगट. म्हणजे कोळंबी. रंग कुठला, आकार केवढा, आज हवा कशी, असले प्रश्न नव्हते. मासा आला तर आला. नाही आला तर उरलेली सुंगटं काकी कढीत घालायची. या धंद्यात तोटा असा नव्हताच.

इथलं आमिषाचं दुकान पेट्रोल पंपाला चिकटून आहे. आत शिरलं की टाक्यांची बुडबुड ऐकू येते. त्यांत मिनो, बोटभर लांबीची जिवंत मासळी. पलीकडे फ्रीज. त्यात वॅक्सी, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या, लाकडाच्या भुशात लोळणाऱ्या, गुबगुबीत आणि पांढऱ्या. शेजारी स्पाइक, म्हणजे माशीच्या अळ्या. त्या पांढऱ्याही मिळतात आणि रंगवलेल्या लालही. आणि भिंतभर प्लॅस्टिकच्या खोट्या अळ्या आणि नखाएवढे टंगस्टनचे जिग, म्हणजे वजनाचा मणी बसवलेले गळ: गुलाबी, जांभळे, अंधारात चमकणारे आणि चार्ट्रूस. आमच्याकडे त्याला पोपटी म्हणतात. इथे चार्ट्रूस म्हणतात आणि दीड डॉलर जास्त घेतात.

सल्ल्याची कमतरता नाही. ऑफिसातला सहकारी म्हणतो, मोठा क्रॉपी हवा तर मिनोच. शेजारचे आजोबा साठ वर्षं बर्फावर बसतात. ते म्हणतात, वॅक्सी, बाकी सगळा चोरबाजार. दुकानदार म्हणतो प्लॅस्टिक, आणि तेही जांभळं. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात गुलाबी म्हणाला होतात ना?" तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात गुलाबीच होतं." जांभळी पाकिटं आजोबांना दाखवली तर ते बराच वेळ बघून म्हणाले, "हं, वेगळंच आहे." मिनेसोटातल्या माणसाच्या तोंडी याचा अर्थ 'फेकून दे' असा असतो, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

मिनोचं सांगतो. मिनो पाळणं म्हणजे पाहुण्यांची मुलं सांभाळणं. बादलीत पाणी हवं, पाणी गोठायला नको, आणि दर वेळी हातमोजा काढून त्या पाण्यात बोटं घालून एकाला पकडायचं. तो निसटतो. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तो सापडतो, पण आपली बोटं सापडत नाहीत. त्याला पाठीवरच्या पराखाली हलकेच गळ टोचायचा, म्हणजे तो पोहत राहतो. निघताना बादलीतलं तळ्याचं पाणी ओतून नळाचं भरायचं, हा इथला कायदा. एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे मी गाडीत नळाच्या पाण्याची बाटली गंगाजलासारखी जपून नेतो. दिवसाला दहाच क्रॉपी ठेवायचे, हाही कायदा आहे. तो माझ्याकडून आजवर एकदाही मोडला गेलेला नाही, मोडायची संधीसुद्धा आलेली नाही.

शेवटी मी वॅक्सीवर आलो. व्हिडिओ कॉलवर आईने डबी पाहिली.

"ह्या काय रे हातात?"

"आमिष, आई."

तिने चष्मा लावला. "मेल्या, तांदळातले किडे ते! जल्मभर मी वेचून टाकलंय. तू ईकत घेतलंस? पैशे देऊन?"

मी तिला मेणाचं, पतंगाचं समजावलं. ती म्हणाली, "सुंगटां नाय गावत थंय?"

आता इतका काथ्याकूट कशासाठी, तर हिवाळ्यात या माशाला भूकच फारशी नसते. पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यात जड होतं, म्हणून गोठलेल्या तळ्यात त्यातल्या त्यात उबदार पाणी तळाशी असतं. क्रॉपी मात्र बरेचदा ना तळाशी ना वर, मध्येच कुठेतरी तरंगत असतात. अंग थंड, चयापचय मंद. डोळे असे बसवलेले की वरचं दिसतं, खालचं नाही. त्यामुळे ताट त्याच्या डोक्यावर वाढावं लागतं. तोंड इतकं पातळ की लोक त्याला कागदी तोंड्या म्हणतात; जोरात झटका दिला तर ओठ फाटून मासा जातो.

आणि हे सगळं बघायला माझ्याकडे फ्लॅशर आहे. गोल तबकडीचं यंत्र. तळ म्हणजे जाड लाल पट्टा, माझा जिग म्हणजे हिरवी रेघ आणि मासा म्हणजे मध्येच उगवणारी आणखी एक रेघ. हे यंत्र मी अपेक्षेने घेतलं. पूर्वी मासा लागला नाही की तळ्यात मासे नाहीत असं म्हणता यायचं. आता तो नकार देताना दिसतो. अठरा फुटांवरून रेघ उठते, चौदा, तेरा, बारा. माझ्या जिगखाली वीतभर अंतरावर थांबते. बघते. मी श्वास धरतो, जिग किंचित हलवतो. आणि रेघ सावकाश खाली जाते. ही हालचाल मी ओळखतो. ताटाकडे बघून "ही भाजी परवाच झाली ना?" म्हणताना माझी मान अशीच मागे जाते.

मग मी बदलतो. वॅक्सी काढून स्पाइक. गुलाबी काढून पोपटी. एक अळी की दोन? पोपटीवर पांढरी अळी बरी दिसते की लाल? तेवढ्यात अळ्या जिऱ्यासारख्या कडक होतात, म्हणून डबी कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवावी लागते.

घोळ त्या डबीतच झाला. दुकानातल्या डबीचं झाकण सैल होतं. मराठी घरात रिकामी डबी टाकत नाहीत आणि डब्यावर लिहिलेलं आत कधीच नसतं. आमच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचे चार डबे आहेत आणि चारांत श्रीखंड सोडून सगळं आहे. मी गेल्या संक्रांतीची हलव्याची घट्ट झाकणाची डबी घेतली आणि वॅक्सी तिच्यात भरल्या. बायको म्हणाली होती, "चिठ्ठी लाव." मी म्हणालो होतो, "लावतो."

परवाचा शनिवार म्हणजे संक्रांतीनंतरचा पहिला. बायकोला एका मैत्रिणीच्या बेसमेंटात हळदीकुंकू, शिवाय तिच्या वर्षाच्या मुलाचं बोरन्हाण. मला तळं. दोघेही घाईत. सूर्य पाचला मावळतो आणि क्रॉपी त्याच्या आसपासच तोंड उघडतो, तेव्हा चारला भोक पाडून तयार राहायला हवं. बर्फ फूटभर होता. गिरमिटाने भोक पाडलं, तंबू उभारला, फ्लॅशर सोडला. गुलाबी जिग नुसताच बारा फुटांवर सोडून ठेवला, खोली जुळवायला. रेघा दिसायला लागल्या, एक नाही, तीन. मी खिशातून डबी काढली, डोक्यावरचा दिवा लावला आणि झाकण उघडलं.

पांढराशुभ्र, काटेरी हलवा. मध्येमध्ये केशरी.

मी दुसरा खिसा बघितला. मग पहिला पुन्हा बघितला. मग डोळ्यांसमोर बेसमेंट आलं. पाटावर काळं झबलं घातलेलं पोर, अंगावर हलव्याचे दागिने, भोवती तीस बायका, आणि वरून ओंजळीने चुरमुरे, बोरं, उसाचे करवे आणि आमच्या घरून आलेली डबी. भुसा असला तर तिळाचं कूट वाटेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कूट वळवळत नाही.

हातमोज्यात फोन थरथरला. बायको.

त्याच क्षणी फ्लॅशरवरची मधली रेघ उठली. चौदा. तेरा. माझ्या काठीच्या टोकाला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. जिगच्या वजनाने ती खाली वाकलेली असते. क्रॉपी बहुतेकदा आमिष ओढत नाही, खालून येऊन अलगद तोंडात धरतो आणि वर उचलतो, त्यामुळे ओझं जातं आणि स्प्रिंग सरळ होते. पाच हिवाळ्यांत ही सरळ झालेली स्प्रिंग मी फार वेळा पाहिलेली नाही.

फोन तिसऱ्यांदा वाजत होता. खाली रिकामा, गुलाबी, आमिष न लावलेला गळ होता. स्प्रिंग हळूहळू वर आली.