पडलेलं झाड म्हणजे नदीतला कचरा नव्हे

मे महिना लागला की सत्तरी-डिचोलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नदीत पडलेली झाडं म्हणजे कचरा. त्यांच्यामुळेच पूर येतो. अमेरिकेनेसुद्धा माशांसाठी ओंडके काढून नद्या मोकळ्या केल्या. आता ओंडके ठेवा म्हणणारे सॅल्मन-ट्राउटच्या थंड देशातलं खूळ गोव्यात आणताहेत. शिवाय ओंडक्यांखाली पाणी सडतं, डास होतात. तेव्हा पावसाआधी जेसीबी लावून पात्र साफ करून घ्या. हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची माणसं आहेत, घरात पुराचं पाणी शिरलेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी अमेरिका, कारण तिथली गोष्ट मजकुरात अर्धीच सांगितली आहे. ओंडके काढले हे खरं. वॉशिंग्टन, ओरेगॉन या राज्यांत १९५० ते १९७० च्या दशकांत मत्स्यखात्यांनीच ओढ्यांतले ओंडक्यांचे ढीग उपसले. अंडी घालायला समुद्रातून वर येणाऱ्या सॅल्मनची वाट त्यांनी अडते, असा समज होता. पात्र मोकळं झालं आणि डोह बुजले. आडव्या ओंडक्यावर आपटलेलं पाणी खाली बुडी मारतं आणि तळ खरवडून खड्डा करतं. बाजूला जिथे वेग मंदावतो तिथे बारीक खडी बसते. सॅल्मन अंडी घालतो ती खडीत, आणि पिल्लं वाढतात डोहात. कोहो जातीचं पिल्लू तर समुद्रात जाण्याआधी वर्षभराहून जास्त काळ ओढ्यातच असतं. हिवाळ्यातल्या पुरात ते ओंडक्याच्या आडोशाला टिकून राहतं. आडोसाच काढून घेतल्यावर ते राहणार कुठे? १९८० च्या दशकापासून त्याच राज्यांत पैसे खर्चून झाडं परत पात्रात ठेवायला सुरुवात झाली, शक्यतो मुळांच्या गड्ड्यासकट, कारण असं झाड सहजासहजी वाहून जात नाही. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली, तिथेही लोअर एल्व्हा क्लालम या आदिवासी जमातीने पात्रात ओंडक्यांच्या रचना उभारल्या आहेत.

‘गोव्यात सॅल्मन कुठे आहे?’ नाही, मान्य. हॉटेलच्या मेनूकार्डावर रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण रावसाचं त्या कुळाशी काही नातं नाही. ट्राउटही आपल्याकडच्या नद्यांतला नव्हे. दक्षिणेत तो ब्रिटिशांनी नीलगिरी आणि मुन्नारच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. पण मुद्दा माशाच्या नावाचा नाहीच. पहिल्या पावसात आपल्याकडे चढणीचे मासे नदीतून वहाळात, म्हणजे ओढ्यात, आणि वहाळातून शेतात चढतात हे सत्तरीतल्या पोरालाही ठाऊक आहे. पाऊस सरला की वहाळातच राहणाऱ्यांना पुढचा जून येईपर्यंत तग धरायचा असतो. तिथल्या पिल्लाला हिवाळा काढायचा असतो, इथल्या माशाला मे महिना. दोघांना लागते ती कोंडच, म्हणजे डोह.

आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, मागच्या वहाळात तीन वर्षांपूर्वीच्या पावसात एक करंज आडवा झाला. जानेवारीत पाहिलं तर वरच्या अंगाला रेतीचा बांध धरलेला आणि खाली कमरभर खोल कोंड झालेली. मुळांच्या जाळीत हात घातला की खेकडा नांगी लावायचा. मुळांमधून बोटाएवढे मासे निघत आणि सावली हलली की एका झटक्यात परत आत शिरत. एप्रिलअखेरीस वरखाली नुसते गोटे उघडे पडले, पण या कोंडीत पाणी होतं. खंड्याची बैठकही तिथेच. पुढच्या मे महिन्यात यंत्र आलं आणि करंज गेला. काठावरची शेरणीची झुडपं आणि वाळुंजाची झाडंही गेली, म्हणजे गोटे आणि दरड धरून ठेवणारं सगळंच. दिवाळीपर्यंत कोंड रेतीने भरली. या मार्चमध्ये मी त्या जागेवरून चप्पल न भिजवता पलीकडे गेलो.

आता पूर, कारण लोकांची खरी भीती ती आहे. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदी गावांत शिरली ती घाटात कोसळलेल्या पावसाने. कुठल्या एका ओंडक्याने एवढं पाणी आणलं नाही. मात्र सखल पुलाला, मोरीला किंवा बंधाऱ्याच्या खांबांना अडकलेलं झाड धोक्याचंच. ते लगेच काढायला हवं, यात माझा वाद नाही. ओंडक्यापाशी पाण्याची पातळी चढते हेही खरं, म्हणून वस्तीला लागून तो नको. पण वर रानात, जिथे दोन्ही काठांना घरं नाहीत, तिथे आडवं झाड पाणी थोपवतं आणि काठावर पसरवतं. इंग्लंडमधल्या पिकरिंग गावाने वारंवारच्या पुरांना कंटाळून २००९ पासून वरच्या ओढ्यांत शंभराहून जास्त ओंडक्यांचे बांध घातले, गावाच्या वर पाणी साठवणारा मोठा बांधही घातला, आणि डिसेंबर २०१५ च्या मुसळधार पावसात गाव वाचलं. आपण उलट वहाळ सरळ गटारासारखे करतो, आणि घाटातलं पाणी अधिक वेगाने खालच्या घरांवर सोडतो.

डासांचं म्हणाल तर ते साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात वाढतात. कोंडीत अळ्या खायला मासे असतात.

येत्या पंधरवड्यात यंत्र पुन्हा येईल. चालकाला कोणतं झाड काढायचं, कोणतं नाही हे कोणी सांगत नाही, म्हणून तो सरसकट उचलतो. पंचांनी आधी एकदा वहाळ चालून यावं. मी रंगाचा डबा घेऊन सोबत येतो. पुलाजवळचं सगळं काढा. वरच्या वळणावर एक जांभूळ कलंडलं आहे, त्याची अर्धी मुळं अजून दरडीत घट्ट आहेत आणि त्याच्याखाली पाणी खोल होऊ लागलं आहे. तेवढं राहू द्या.