झाडं विष पीत नाहीत, दादा

इंदूरजवळच्या पीथमपूरला भोपाळचा विषारी कचरा जाळून उरलेल्या राखेवर मियावाकी जंगल, म्हणजे जपानी पद्धतीने खेटून लावलेलं दाट जंगल लावा, झाडं सगळं विष शोषून घेतील, असं आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि खाली काका-मावश्यांचे जोडलेले हात सुरू झाले. पुरावा काय, तर 2024 च्या जुलैत रेवती टेकडीवर एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लावून इंदूरने गिनीज बुकात नाव नोंदवलं!

युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा भोपाळहून पीथमपूरला आला आणि 2025 च्या जूनअखेर जाळून झाला. चुना वगैरे मिसळल्याने राख कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. ती रासायनिक आहे, किरणोत्सर्गी नव्हे, हे मला कळतं. पण ‘झाड शोषून घेतं’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी राहतो त्या जर्मनीतल्या बव्हेरियातलं जंगल 1986 पासून शोषूनच घेतंय.

त्या वर्षी फुटलेल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीजवळची पाइनची झाडं तांबडी पडून मेली, ती पाडून खंदकांत पुरली. ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बव्हेरियात झाडं मेलीच नाहीत. किरणोत्सर्गी ढग इथवर आले आणि नेमका पाऊस पडला. त्यातलं किरणोत्सर्गी सीझियम-137 पोटॅशियमच्या जातकुळीतलं, त्यामुळे मुळं ते ओढून घेतात. पानांत जातं, पानं गळतात, कुजतात, बुरशी ते धरून ठेवते, मुळं पुन्हा ओढतात. दिवाळीतल्या सोनपापडीच्या डब्यासारखं या घरातून त्या घरात. शेतात निदान नांगर फिरतो, चिकणमाती सीझियमला पकडून ठेवते. जंगलात ते वरच्या कुजक्या थरातच घोटाळत राहतं. निम्मं व्हायलाच 30 वर्षं लागतात. रानडुकरं जमिनीखालची बुरशी उकरून खातात, म्हणून शिकारी आजही मांसातला किरणोत्सर्ग मोजून घेतात. किलोला 600 बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर गेलं की ते विकता येत नाही, सरकारकडे भरपाई मागायची.

मोजतात, एवढंच माझं म्हणणं. कचरा सहा प्रकारांत वेगळा करणाऱ्या इंदूरला राखेत पारा किती, बोअरमध्ये काय उतरलं, हे दर महिन्याला फळ्यावर लिहिणं जड जाऊ नये.

दादाचं उत्तर आलं, “भिया, तिकडे बसून ज्ञान देऊन राहिलास. तुमच्या जर्मनीने 2023 मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या, पण कोळसा जाळणं सुटलं का?” त्यावर मी काही लिहिलं नाही. गैरसोयीचं होतं.

आणि खरं सांगायचं तर इथल्या जंगलाबद्दल मी अवाक्षर काढत नाही. सप्टेंबरात शेजारीण टोपलीभर मारोनेन घेऊन येते. ही अळिंबी सीझियम फार धरते, म्हणून मी पोट भरल्याचं सांगतो. तिच्या आजोबांपासूनचं रान आहे, मी कोण बोलणार? पीथमपूरवर मात्र रात्री दीडला उठून लिहायला बसतो, जणू तिथे माझं कुणी ऐकणारच आहे. रामबागेतलं घर विकलं तेव्हा मुखत्यारपत्रावर सही करायला मी इथल्या कॉन्सुलेटात अर्धी सुट्टी टाकून गेलो होतो. तिथून निघालो तो सरळ ऑफिसला.

दादा, पीथमपूरच्या भट्टीजवळच्या तारापुऱ्यातल्या बोअरचं पाणी कुणी तपासलं असेल तर अहवाल पाठव. फोटो काढून पाठवलास तरी चालेल, फक्त आकडे नीट दिसू देत.